विद्यापीठाच्या आवारातील पाळत : परिपत्रकापासून कॅमेऱ्यापर्यंत

विद्यापीठांच्या आवारांत सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा प्रश्न सामान्यतः दोन अंगांनी चर्चिला जातो. एक पक्ष सुरक्षिततेचा दाखला देतो, दुसरा व्यक्तीच्या खाजगीपणाचा. हा प्रश्न यंत्राबरोबर जन्माला आला, असे मात्र दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. इतिहास तसे सांगत नाही. विद्यार्थ्यांवर व अध्यापकांवर नजर ठेवण्याची व्यवस्था, तिच्यासाठी पुढे केलेली कारणे, तिच्यातून निर्माण झालेली दप्तरे आणि तिला झालेला विरोध हे सर्व कॅमेऱ्याच्या आगमनापूर्वी कित्येक दशके या देशात घडून गेले आहे. त्या अनुभवाचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, पाहावे की न पाहावे या मुद्द्यावर खरा वाद क्वचितच झाला. एका कारणासाठी मिळविलेली नजर दुसऱ्याच कारणासाठी वापरली जाऊ लागते तेव्हा तिला अडविण्याचा अधिकार कोणाला, या ठिकाणी तो पुनःपुन्हा येऊन ठेपला.

१९०५ च्या ऑक्टोबरात, वंगभंगाचा निर्णय अमलात येण्याच्या सुमारास, बंगाल सरकारचे तत्कालीन प्रभारी मुख्य सचिव आर. डब्ल्यू. कार्लाइल यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना एक परिपत्रक धाडले. त्याच महिन्यात ते वृत्तपत्रांतून बाहेर आले आणि मोठी खळबळ उडाली. ज्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी बहिष्काराच्या चळवळीत भाग घेतील त्यांची अनुदाने बंद होतील, त्यांच्या विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्त्यांच्या स्पर्धेत बसता येणार नाही, आणि त्यांची मान्यता काढून घेण्याची शिफारस विद्यापीठाकडे केली जाईल, असा त्याचा आशय होता. हा भाग सर्वपरिचित आहे. त्यातील आणखी एका सूचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. आवश्यकता भासल्यास शिक्षकांना व शाळाचालकांना खास शिपाई म्हणून नेमले जाईल, अशीही तंबी त्यात होती.

वरवर पाहता ही निव्वळ धमकी वाटते. वस्तुतः तिच्यात पाळतीच्या त्या काळच्या यंत्रणेचे सगळे मर्म आले आहे. मध्यवर्ती गुन्हे-वार्ता खाते लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत १९०४ साली नुकतेच स्थापन झाले होते, आणि वर्गाच्या दाराआड पाहणारा डोळा सरकारपाशी नव्हता. कोणता मुलगा सभेच्या दिवशी वर्गात गैरहजर होता, कोण दुकानांपुढे निरोधन करीत उभा होता, हे ओळखू शकणारा मनुष्य एकच, तो म्हणजे हजेरीपट हाती असलेला शिक्षक. अध्यापनाच्या सोयीसाठी ठेवलेला हजेरीपट पोलिसांच्या उपयोगी पडावयाचा, तर तो ठेवणाऱ्यालाच शिपाई करणे प्राप्त होते. म्हणजे पाळत ठेवावयाची ती शिक्षणसंस्थेच्या हातून, आणि त्यामुळेच शिक्षणसंस्थेच्या हाती ती नाकारण्याची शक्तीही आपोआप आली.

ही शक्ती प्रत्येकाने वापरली असे नाही. रंगपूर येथे स्वदेशी सभेला उपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्यांना दंड झाला. त्याची प्रतिक्रिया म्हणून ८ नोव्हेंबर १९०५ रोजी तेथे राष्ट्रीय शाळा निघाली. सिराजगंजच्या दोन शाळांचे प्रकरण याहून महत्त्वाचे आहे. तेथील विद्यार्थ्यांनी दांडगाई केल्याचे कारण दाखवून पूर्व बंगाल व आसामचे नायब राज्यपाल बँफील्ड फुलर यांनी या शाळांची मान्यता काढून घ्यावी, अशी मागणी कलकत्ता विद्यापीठाकडे केली. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सरकारचा विद्यापीठांवरील ताबा पुष्कळच आवळला गेला होता. तथापि मान्यता काढण्याचा निर्णय विद्यापीठाच्या सभागृहातून, चर्चेच्या मार्गानेच व्हावयाचा होता. ती चर्चा जाहीरपणे होणे हिंदुस्थान सरकारला परवडण्याजोगे नव्हते. त्याने फुलर यांना मागणी मागे घेण्यास सुचविले. फुलर यांनी राजीनाम्याची भाषा केली आणि ऑगस्ट १९०६ मध्ये लॉर्ड मिंटो यांनी तो राजीनामा स्वीकारला. एका प्रांताचा प्रमुख दोन शाळांच्या प्रकरणावरून पदावरून दूर झाला, याचे श्रेय केवळ लोकक्षोभाला देणे योग्य होणार नाही. मधे एक संस्था होती, तिची एक ठरलेली कार्यपद्धती होती आणि त्या पद्धतीत कारणे उघडपणे सांगावी लागत होती, हा भाग तितकाच निर्णायक ठरला.

मुंबई इलाख्यातील चित्र याहून वेगळे होते. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तिच्या संदर्भात फर्ग्युसन महाविद्यालयाने आपले विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. कार्लाइल यांचे परिपत्रक बंगालपुरते होते. पुण्यातील ही कारवाई महाविद्यालयाची स्वतःची होती. प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची भूमिका शिस्तीची होती आणि संस्थेचे अस्तित्व टिकविण्याची चिंताही तिच्यामागे असावी. टिळकांच्या 'केसरी'ने 'हे आमचे गुरूच नव्हेत' अशा शब्दांत या वृत्तीचा समाचार घेतला. या वादाकडे मवाळ-जहाल संघर्षाचे एक प्रकरण म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता, तो असा की, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या देखरेखीसाठी पालकाने दिलेला अधिकार त्या मुलाच्या राजकीय वर्तनापर्यंत पोचतो काय?

मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव एच. एच. रिस्ले यांच्या परिपत्रकाने या प्रश्नाला सरकारी उत्तर दिले. शाळकरी मुलांना राजकीय सभांची सरसकट बंदी झाली, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काहीशी सूट मिळाली, आणि अध्यापकांनी विद्यार्थ्यांना चळवळीकडे नेऊ नये असे बजावण्यात आले. मोडणाऱ्याला शिक्षा तीच, म्हणजे अनुदान व मान्यता गमावण्याची. अनुदानाची अपेक्षाच न ठेवणाऱ्या संस्थांवर हा उपाय चालत नसे. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे तळेगावचे समर्थ विद्यालय तशांपैकी होते, आणि १९१० साली सरकारने ते बंद केले.

लंडनमधील अनुभव याहून बोलका आहे, कारण तेथे विद्यार्थ्यांचे कल्याण आणि त्यांच्यावरील पाळत यांचा संसार एकाच कचेरीत मांडला गेला. इंग्लंडात शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी १९०७ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष सर विल्यम ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत वाढलेले होते. थिओडोर मॉरिसन हे अलीगढच्या महाविद्यालयाचे माजी प्राचार्य, आणि सर विल्यम कर्झन वायली हे भारतमंत्र्यांचे राजकीय सहायक. सदस्यांच्या या निवडीतच हेतूंची सरमिसळ दिसते. विद्यार्थ्यांना निवास मिळविण्यात व महाविद्यालयांत प्रवेश मिळविण्यात खरोखरच अडचणी होत्या. त्याचबरोबर हायगेटच्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील इंडिया हाउसमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांच्याभोवती जमणाऱ्या तरुणांची सरकारला धास्तीही होती. समितीचा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध करण्यात आला नाही. १९०९ साली भारतमंत्र्यांच्या कचेरीत हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती-कचेरी निघाली आणि टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांची शैक्षणिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्रा या लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कर्झन वायली यांचा वध केला.

आर्नल्ड हे अलीगढ व लाहोर येथे शिकविलेले विद्वान गृहस्थ होते. विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याची त्यांची इच्छा प्रामाणिक नव्हती, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या कचेरीकडे शिफारसपत्रासाठी जावयाचे तीच कचेरी आपल्याविषयी माहिती गोळा करते, अशी विद्यार्थ्यांची समजूत झाली आणि ती पुढे कधीच दूर झाली नाही. लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२२ साली दिलेल्या अहवालात या अविश्वासाची दखल घ्यावी लागली; ली-वॉर्नर समितीचा दडपून ठेवलेला अहवालही अखेर त्याच्याच परिशिष्टात छापला गेला. मधल्या काळात कल्याणाच्या कामाचे जे नुकसान व्हावयाचे ते होऊन गेले होते. सल्ल्याची खरी निकड असलेला विद्यार्थीच त्या कचेरीची पायरी चढण्यास कचरत असे. पाळतीचा तोटा पाळत ठेवलेल्या माणसापुरता मर्यादित राहत नाही. तिच्याशी जोडलेल्या चांगल्या कामालाही ती निकामी करते. आजच्या धोरणकर्त्यांनी या प्रकरणाचा अभ्यास करावा तो याचसाठी.

याच सुमारास, १९१० साली, मुंबई पोलीस दलातील अधिकारी जॉन वॉलिंजर यांना लंडनला धाडण्यात आले व तेथे हिंदी राजकीय हालचालींवर लक्ष ठेवणारे स्वतंत्र गुप्तवार्ता कार्यालय उभे राहिले. त्याची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. मुंबई सरकारनेही स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने १९५७ पासून प्रसिद्ध केली, तीही बहुतांशी सरकारी दप्तरांतून निवडलेली. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांविषयी आज जे लिहिले जाते त्याचा बराचसा भाग त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या लेखणीतून आलेला आहे, ही इतिहासाच्या अभ्यासकाला अडचणीत टाकणारी गोष्ट आहे खरी. पण त्या दप्तराला निदान लेखक होता, तारीख होती आणि बातमीदाराच्या अज्ञानाचे पुरावेही त्यातच सापडत होते.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयात पाळतीचा प्रश्न प्रथम ठळकपणे आला तो विद्यापीठाच्या संदर्भात नव्हे. खरकसिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात, डिसेंबर १९६२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्री-अपरात्री घरी जाऊन तपासणी करण्याचा पोलीस-नियम रद्द ठरविला, पण पाळतीचे इतर प्रकार कायम ठेवले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने मान्य केले नाही. न्या. सुब्बा राव यांनी न्या. शाह यांच्यासह वेगळे मत दिले. मनुष्याचे पाऊल कोणी अडविले नाही तरी आपल्यावर नजर आहे या जाणिवेने त्याचे मन आखडते, तेव्हा त्याचा संचार मोकळा राहिला असे म्हणता येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे. वर्गात प्रश्न विचारू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे विवेचन जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यावर मर्यादा घालावयाची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही त्या निकालातून पुढे आली.

ही कसोटी विद्यापीठाच्या कॅमेऱ्याला प्रत्यक्ष लावली गेली ती मात्र भारताबाहेर, आणि योगायोगाने त्याच वर्षी. मॉन्टेनेग्रो विद्यापीठाच्या गणित विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये सात व्याख्यानगृहांत कॅमेरे बसविण्याचा निर्णय घेतला. निर्णयात कारणे दोन दिली होती : विद्यार्थ्यांसह सर्वांच्या जीवित-वित्ताची सुरक्षितता आणि अध्यापनावर देखरेख. चित्रण वर्षभर जतन करावयाचे होते आणि ते पाहण्याचा सांकेतिक क्रमांक एकट्या अधिष्ठात्यांजवळ राहणार होता. दोन प्राध्यापकांनी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या शासकीय संस्थेकडे तक्रार केली. त्या संस्थेने एप्रिलमध्ये कॅमेरे काढण्याचा आदेश दिला. ते जानेवारी २०१२ मध्ये काढले गेले. प्राध्यापकांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा देशातील न्यायालयांनी उत्तर दिले की, व्याख्यानगृह हे सार्वजनिक कामाचे ठिकाण आहे, तेथे प्राध्यापक कधीच एकटा नसतो, मग खाजगीपणाचा भंग होईल कसा?

हा युक्तिवाद भारतातही वारंवार ऐकू येतो. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने अँतोव्हिच व मिर्कोव्हिच विरुद्ध मॉन्टेनेग्रो या खटल्यात २८ नोव्हेंबर २०१७ रोजी तो चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला. व्याख्यानगृहात अध्यापक केवळ पाठ देत नाही. विद्यार्थ्यांशी त्याचे नाते तेथे जुळते व समाजातील त्याची ओळखही तेथेच घडते, तेव्हा त्याच्या खाजगी जीवनाचा काही अंश त्या दालनातही असतो, असे बहुमताचे म्हणणे पडले. पुढचा मुद्दा अधिक नेमका होता. त्या देशाच्या कायद्याने पाळतीस परवानगी दिली होती ती जीवित-वित्ताच्या रक्षणासारख्या मोजक्या कारणांसाठी, आणि तीही अन्य उपाय नसेल तर. रक्षण करावे लागेल असा धोका असल्याचा पुरावा नव्हता, आणि अध्यापनावरील देखरेख हे कारण तर कायद्यात नव्हतेच. बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी जोडपत्रात अध्ययन-अध्यापनाच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. अल्पमताची बाजूही दुर्लक्षणीय नाही : चित्रण अस्पष्ट होते, त्याला ध्वनी नव्हता आणि प्राध्यापकांवर त्याचा काही विपरीत परिणाम झाल्याचे दिसले नव्हते, असे त्या तिघा न्यायमूर्तींनी दाखविले. परिणाम घडल्यावरच हक्कभंग मानावयाचा, की परिणाम घडविण्याची शक्ती एका माणसाच्या हाती एकवटली तेव्हाच, हा खरा मतभेद होता. सांकेतिक क्रमांक एकाच अधिकाऱ्याजवळ होता ही गोष्ट ध्यानी घेतली तर बहुमताचा कौल अधिक ग्राह्य वाटतो.

भारतात कॅमेऱ्याने आवारात पाऊल टाकले ते प्रामुख्याने सुरक्षिततेच्या वाटेने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. वसतिगृहांभोवती सहज चढता येणार नाही अशी उंच भिंत व तिच्यावर काटेरी तार, प्रवेशद्वारे तीन किंवा त्याहून कमी, त्यांवर पहारेकरी व सीसीटीव्ही, आगंतुकांची नोंदवही, आणि महाविद्यालय व वसतिगृह या दोहोंमध्ये बोटांच्या ठशांसारख्या शारीरिक खुणांवरून हजेरी, असा तो सरंजाम आहे. यातील शेवटची शिफारस सुरक्षिततेसाठी आहे की अनुपस्थितांना पकडण्यासाठी, असा प्रश्न कोणाही वाचकास पडेल. खोट्या हजेरीला आळा बसेल, हे कारण त्या सूचनांतच दिले आहे. १९०५ च्या हजेरीपटाची आठवण येथे अपरिहार्य आहे. फरक इतकाच की, त्या हजेरीपटामागे हो किंवा नाही म्हणू शकणारा शिक्षक उभा होता.

आवारातील कॅमेरे सर्वत्र काढून टाकावेत, असा निष्कर्ष यातून काढणे अयोग्य होईल. ५ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तोंडे झाकलेल्या जमावाने विद्यार्थी व अध्यापकांना मारहाण केली. त्यानंतर तेथील तीन प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली ती सीसीटीव्हीचे चित्रण व भ्रमणध्वनीवरील संदेश जपून ठेवण्याचा आदेश मिळविण्यासाठी. मॉन्टेनेग्रोतील प्राध्यापकांना चित्रण नको होते, दिल्लीतील प्राध्यापकांना ते हवे होते. या दोन मागण्यांत विसंगती मानण्याचे कारण नाही. दोन्हीकडे चित्रणाची किल्ली प्रशासनाकडे होती, आणि दोन्हीकडे अध्यापकांना ती एकट्या प्रशासनाच्या मर्जीवर सोडावयाची नव्हती. प्रवेशद्वारावरील कॅमेरा आणि व्याख्यानगृहातील कॅमेरा यांत भेद करणे या दृष्टीने अवघड नाही. पहिला अनोळखी माणसासाठी असतो, दुसरा ओळखीच्याच माणसांना पाहतो.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ साली झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात याव्यात, अशी योजना करण्यात आली. अठरा वर्षांखालील व्यक्तींचा माग काढणे व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे यांस कायद्याने मनाई केली आहे. महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांच्या आवारातच कनिष्ठ महाविद्यालयही असल्याने ही मनाई फार दूरवर पोचली असती. परंतु नियमांच्या अनुसूचीने शिक्षणसंस्थांना तीतून वगळले आहे, आणि त्यासाठी कारणे दोन दिली आहेत : संस्थेचे शैक्षणिक कार्य किंवा मुलांची सुरक्षितता. मॉन्टेनेग्रोच्या अधिष्ठात्यांनी आपल्या निर्णयात जवळपास हीच जोडी घातली होती. तेथे निदान त्यांतील एक कारण कायद्यात बसत नव्हते. येथे दोन्ही बसतात.

अशा स्थितीत अडविण्याचा अधिकार विद्यापीठांना आपल्याच नियमांतून निर्माण करावा लागेल. सुरक्षिततेसाठी घेतलेले चित्रण हजेरी, शिस्त वा अध्यापनाच्या मूल्यमापनासाठी वापरता येणार नाही, असा स्पष्ट निर्बंध विद्यापरिषदेच्या ठरावाने घालता येतो. चित्रण मागणाऱ्या प्रत्येकाचा अर्ज लेखी असावा आणि तो अध्यापक व विद्यार्थी प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे जावा, अशी तरतूदही करता येते; सिराजगंजच्या प्रकरणात सभागृहातील चर्चेने जे काम केले, ते काम अशी समिती करू शकेल. राहता राहिला दप्तराचा प्रश्न. चित्रण थोड्या दिवसांत पुसले जाणे इष्टच आहे. मात्र ते कोणी, केव्हा व कोणत्या कारणासाठी पाहिले याची नोंद नव्या नियमांनुसार वर्षभर जपावयाची आहे, आणि ही मुदत फार तोकडी आहे. वॉलिंजर यांच्या कार्यालयाचे कागद खुले होण्यास जवळजवळ सर्व शतक जावे लागले, तरी ते कागद होते. ही नोंदवही वर्षअखेरीस विद्यापीठाच्या अभिलेखागारात जमा करण्याची प्रथा पाडली, तर तिला कुलसचिव कार्यालयाच्या इतर आवक-जावक पुस्तकांहून अधिक जागा लागणार नाही.